आमच्या ह्यांनी राखलेलं क्रीट

आमचे हे, म्हणजे वाल्मीक आहेर, सातपूरच्या एका कंपनीत टूलरूमला होते. माणूस सरळ, कामाला चोख, पण एकदा जागा धरली की हलायचं नाव नाही. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत लोक आपापला डबा ठेवून सावलीत जाऊन गप्पा मारतात ना? हे डब्याशेजारी उन्हात उभे राहायचे. मी म्हणायची, "अहो, डबा आहे ना नंबराला, तुम्ही या की इकडं." तर म्हणे, "डबा काय, कोणीही पायानं सरकवतो." दोन तास उभे राहून पाच लिटर रॉकेल आणायचे आणि वर मलाच सांगायचे की आज तिघांनी मध्ये घुसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. असल्या माणसाशी मी संसार केलाय, तेव्हा माझं जरा ऐकून घ्या.

नव्वद सालची गोष्ट. मी ह्यांना बुधवारच्या बाजारात जुनं शिलाई मशीन बघायला पाठवलं होतं. हे परत आले ते एक खोकं काखेत मारून. देवळाली कॅम्पातले कोणी साहेब बदली होऊन गेले, त्यांच्या रद्दीतून आलेलं होतं म्हणे. आत काय, तर घडी घातलेला मोठा नकाशा, दोन फासे, चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक आणि पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, नखाएवढे, दोन-अडीचशे. मी विचारलं, "मशीन?" म्हणाले, "मशीन काही मिळालं नाही." मिळालं नाही कसलं डोंबलाचं, बघितलंच नव्हतं!

तो लढाईचा खेळ होता. ग्रीसच्या खाली क्रीट नावाचं बेट आहे, ते दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वरून विमानांतून छत्र्या बांधलेले शिपाई सोडून घेतलं. बेट राखायला इंग्रजांच्या बाजूचे लोक होते, त्यात न्यूझीलंडचे बरेच. मी विचारलं, "ते क्रिकेटवाले?" तर असा चेहरा केला की काय सांगू. खेळात एकानं आकाशातून उतरायचं आणि दुसऱ्यानं बेट राखायचं, एवढंच. पण ते एवढंच समजायला ह्यांना एक आख्खा पावसाळा लागला. ह्यांचं शिक्षण आयटीआयचं, इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलपुरतं. डिक्शनरी पुढ्यात घेऊन रोज संध्याकाळी पान-अर्धं पान करत त्यांनी ते सगळं पुस्तक मराठीत उतरवलं, दोनशे पानी वहीत, अक्षर असं की मोत्याचे दाणे. सैन्याचं खाणंपिणं म्हणजे रसद, शिपाई वाऱ्यानं भरकटतात तो 'वाऱ्याचा फासा'. नकाशावर सगळीकडे सहा कोनांची घरं छापलेली होती, ते षटकोन. मी त्याला मधमाश्यांचं पोळंच म्हणायची.

काही तुकडे हरवलेले होते. ते ह्यांनी लग्नपत्रिका कापून केले. टूलरूमचा माणूस, मायक्रोमीटरनं मोजून कापले हो! माझ्या भाच्याच्या पत्रिकेतून जर्मनांची एक पलटण निघाली, तिच्या मागच्या बाजूला 'आग्रहाचं निमंत्रण' असं अजून वाचता यायचं.

पहिली दोन वर्षं हे एकटेच खेळले. डाव्या हातानं जर्मन, उजव्या हातानं बेटवाले. स्वतःच फासा टाकायचे, स्वतःच "च्च" करायचे. माझ्या सासूबाई सटाण्याकडच्या, त्यांची बोली अहिराणी. त्या एकदा रहायला आल्या, दारातून बघितलं आणि मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "हाई काय शे? पोऱ्या येडा व्हयना का?" मी म्हटलं, सासूबाई, तुमच्याकडून आला तेव्हाच थोडा तसा होता. त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग ब्याण्णव साली आमच्याकडे सत्यनारायण होता, त्याचा प्रसाद घ्यायला धोंडीराम भोये आले. ते ह्यांच्याच कंपनीतले, हीट ट्रीटमेंटला, मी त्यांना भाऊजी म्हणते. सुरगाण्याच्या डोंगरातले, ह्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. बोलणं इतकं कमी की प्रसाद हवाय का विचारलं तरी नुसता हात पुढे करायचे. कोपऱ्यात तो नकाशा मांडलेला होता. भाऊजी प्रसादाचा द्रोण घेऊन त्याच्यापाशी उभे राहिले ते राहिलेच. शिरा गार झाला. मग विमानतळाच्या शेजारच्या एका टेकडीवर बोट ठेवून म्हणाले, "ज्याच्याकडं ही टेकडी, त्याच्याकडं विमानं उतरायची जागा."

आमच्या ह्यांना इतका आनंद झालेला मी आमच्या पोरीच्या, तृप्तीच्या जन्माच्या वेळीही बघितला नव्हता. खोटं सांगत नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी डाव. हे नेहमी बेट राखणार आणि भाऊजी नेहमी वरून उतरणार. मी एकदा विचारलं, आलटून पालटून का नाही खेळत? हे म्हणाले, "मी बागलाणचा शेतकऱ्याचा पोर, बांध सोडायची सवय नाही." आणि भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं दिवाळी झाली की आख्खं गाव जगायला खाली येतं, द्राक्षाला, कांद्याला. उतरायचं काम आमचंच." त्यांचं सगळं लहानपण असंच आईबापाबरोबर जीपमध्ये कोंबून खाली-वर करण्यात गेलेलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. वाऱ्याचा फासा वाईट पडला आणि त्यांची पलटण समुद्रात गेली की भाऊजी ते तुकडे दोन बोटांनी हळूच उचलून वाटीत ठेवायचे आणि म्हणायचे, "ग्येले बिचारे." खरीखुरी माणसं गेल्यासारखं.

मी समोर भाजी निवडत बसायची आणि मधून मधून टोमणे मारायची. चहा, चिवडा माझ्याकडे. क्रीटच्या उत्तरेला समुद्रात चिवड्याच्या तेलाचा मोठा डाग पडलाय, त्याला हे दोघं बंदर म्हणायचे. मला खेळातलं काही कळत नाही असं मी दाखवायची. कळतं म्हटलं असतं तर मलाही बसवलं असतं, आणि मग पोळ्या कोणी लाटायच्या?

त्या टेकडीची एक हकिगत पुस्तकात दिलेली होती, ती हे दोघं दर दोन-चार रविवारी एकमेकांना नव्यानं सांगायचे. खऱ्या लढाईत त्या टेकडीवर न्यूझीलंडच्या पलटणीचा साहेब होता. दिवसभर झुंजला, जर्मनांचे हाल केले. पण वायरलेस बंद पडला, पुढच्या तुकड्यांकडे पाठवलेली माणसं परत आली नाहीत. त्याला वाटलं, आपले पुढचे सगळे गेले, आपणच उरलो. म्हणून अंधारात टेकडी सोडून मागे सरकला. आणि पुढच्या दोन तुकड्या तर जागच्या जागी होत्या! सकाळी त्यांनी बघितलं, आपल्या मागे कोणीच नाही. विमानतळ गेला, आणि विमानतळाबरोबर बेटही गेलं. हे सांगून झालं की आमचे हे मांडीवर थाप मारायचे, "येडाच की तो! अरे, एकदा विचारायचं तरी!" भाऊजी मान हलवायचे, "एकदा विचारायचं." आणि दोघं खो खो हसायचे.

आता नियम नंबर एक्केचाळीस. पुस्तकात चाळीसच होते, एक्केचाळिसावा ह्यांनी स्वतःच्या मनचा घातला. त्र्याण्णव साली खेळता खेळता युनियनच्या निवडणुकीवरून ह्या दोघांचं असं वाजलं की तीन रविवार डाव बंद. चौथ्या रविवारी हे वही घेऊन बसले आणि लिहिलं, 'डाव मांडल्यापासून उचलेपर्यंत कंपनीचं, घरचं आणि दुखण्याचं बोलायचं नाही.' खाली दोघांनी सह्या केल्या. आणि पाळला हो! पाळला म्हणजे किती, भाऊजींच्या बायकोचं, चांगुणेचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं ते मला आठ दिवसांनी तिच्याकडूनच कळलं, मधल्या रविवारी भाऊजी इथं बसून छत्र्या सोडत होते. मी म्हटलं, भाऊजी, सांगायचं नाही? तर म्हणाले, "डाव चालू होता."

शहाण्णवमध्ये भाऊजींचं खातं अंबडच्या युनिटला हलवलं. म्हणजे कंपनी तीच, पण रोजची गाठ संपली. फोन ना ह्यांच्याकडे ना त्यांच्याकडे. रविवारी भेटायचं, आणि रविवारी बोलायचं नाही. असा सगळा शहाणपणाचा कारभार.

दोन हजार एक साली कंपनीत व्हीआरएस आली. नोटीस बोर्डावर लागली, पंधरा ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळी पाचपर्यंत ज्यांना नोकरी सोडायची त्यांनी सही करून फॉर्म गेटवरच्या टाइम ऑफिसच्या खिडकीत द्यावा. ह्यांच्या नोकरीची आठ वर्षं बाकी होती. तृप्ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. टूलरूमचा माणूस त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? आजूबाजूच्या कंपन्याही माणसं काढतच होत्या. मी म्हटलं, सही करायची नाही, विषय संपला. हे म्हणाले, "छे, मी कशाला करतोय." मी निर्धास्त झाले.

आणि शेवटच्या शनिवारी कपडे भिजवायला घेतले तर ह्यांच्या शर्टाच्या खिशात तो फॉर्म. भरलेला. खाली सही.

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. मी ओला शर्ट तसाच हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "हे काय आहे?" हे पेपर वाचत होते, पेपर खाली केलाच नाही. म्हणाले, "धोंडीरामनं दिला. पंधरा दिवस झाले म्हणे त्याला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पर्सोनेलच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. भोयेनं दिला, तुम्ही कशाची वाट बघताय म्हणाले." मग म्हणाले, "दोन रविवार आला, चिवडा खाल्ला, पण मला एका शब्दानं बोलला नाही. नऊ वर्षं. आता तो गेल्यावर राहिलंय काय तिथं?"

म्हणजे बघा, नोकरी सोडायची ती पैशासाठी नाही, भीतीनं नाही, रुसव्यानं! मी म्हटलं, अहो, उद्या येणारच आहेत भाऊजी, विचारा ना सरळ. तर मान ताठ करून म्हणाले, "त्याला सांगायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारणार नाही." वर अधिक महिना चालू. अधिकात लोक साधी चप्पल नवीन घेत नाहीत आणि हा माणूस नोकरी सोडायला निघालेला! त्या दिवशी मी भांडी अशी आपटली की शेजारच्या भागीबाई विचारायला आल्या, काही पडलं का.

रविवारी भाऊजी वेळेवर आले. डाव मांडला. मी समोर गवार घेऊन बसले, पण माझं लक्ष कुठलं गवारीत. आज तरी कोणी काही बोलेल म्हणून दोघांच्या तोंडाकडे बघत होते. दोघांच्याही तोंडाला कुलूप.

पहिल्याच खेळीला ह्यांनी टेकडीवरची पलटण उचलली आणि पार मागे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. नऊ वर्षांत जी टेकडी ह्या माणसानं एकदा सोडली नव्हती, ती रिकामी! विमानतळ उघडा. मी गवार मोडायची थांबले. म्हटलं, आता भाऊजी झडप घालणार, एका फाशात बेट त्यांचं. भाऊजींनी टेकडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपली पलटण उचलली आणि ह्यांची सगळ्यात मोठी फौज जिथं दबा धरून होती, बरोबर तिच्या डोक्यावर नेऊन सोडली. फुकट मरायला. पुढची पलटणही तिथंच. ह्यांनी लगेच आपली फौज बाजूला घेतली, मरू नये म्हणून. भाऊजी पुन्हा तिच्याच मागे. आणि चिवडा तसाच, कोणी हात लावलेला नाही.

अगं बाई! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे दोघंही हरायला बसले होते. कोणीही जिंकायचं नाही असं ठरवून दोघं एकमेकांना डाव बहाल करत होते, आणि दोघांनाही तो घ्यायचा नव्हता.

मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊजी, टेकडी मोकळी आहे. विमानतळ घ्या की, दिसत नाही का?"

दोघं माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही भिंतीवरचं कॅलेंडर बोललं. हे म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, "नऊ वर्षं समोर बसून भाज्या निवडतेय, मला डोळे नाहीत? भाऊजी, का नाही घेत?"

भाऊजींनी मान खाली घातली. म्हणाले, "आज नको, वहिनी. शेवटचा डाव. जाताना आहेरभाऊंची टेकडी भाऊंकडंच राहू द्या."

"कोण जाताना?" हे म्हणाले.

"तुम्ही."

"मी? जातोयस तर तू!"

"मी तर तुम्ही चालला म्हणून..." आणि भाऊजी अर्ध्यावर थांबले. कारण ह्यांनी हात वर केला होता. आणि ह्यांनी काय म्हणावं? आठ वर्षांची नोकरी, पोरीचं शिक्षण, सगळं उद्या पाचपर्यंत टांगलेलं, आणि हा माणूस म्हणतो, "डाव चालू आहे, धोंडीराम. एक्केचाळीस नंबर."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "खड्ड्यात गेला तुमचा एक्केचाळीस नंबर!" आणि नकाशाची दोन टोकं धरून सगळं क्रीट उचललं. जर्मन सोफ्याखाली गेले, न्यूझीलंडवाले चिवड्यात पडले. "उचलला डाव. आता बोला," मी म्हटलं. "आणि बोलल्याशिवाय एकालाही चहा मिळणार नाही."

मग बोलले. त्याच साहेबानं भाऊजींनाही केबिनमध्ये बोलावलं होतं. आहेर गेले, सही करून बसलेत, तुम्ही एकटे राहून काय करणार, असं सांगितलं. भाऊजी दोन रविवार वाट बघत राहिले की हे काही बोलतील. हे बोलले नाहीत. तेव्हा त्यांनाही वाटलं, आहेरभाऊंना सांगायचं नसेल. आणि परवा, शुक्रवारी, त्यांनी आपला फॉर्म खिडकीत देऊन टाकला. खरोखर देऊन टाकला. ह्यांचा खिशात होता, त्यांचा गेला होता.

हे पांढरे पडले. कितीतरी वेळ चिवड्यातला एक तुकडा उचलून पुसत बसले. मग म्हणाले, "आपण त्या टेकडीवरच्या माणसाला नऊ वर्षं येडा म्हणत होतो, धोंडीराम." मला वाटतं दोघांनाही त्या माणसाच्या समोर उभं केल्यासारखं झालं होतं. मलाही हसू आलं नाही, आणि मला तर कशावरही येतं.

पण नियम वाचायची खोड जन्माची. हे उठले, कपाटातून नोटिशीची झेरॉक्स काढली आणि बोट फिरवत फिरवत नवव्या कलमावर थांबले. दिलेला फॉर्म मुदतीच्या आत लेखी अर्ज करून परत मागता येईल. बाकी सगळ्या कंपनीनं ती नोटीस वरवर वाचली असेल, ह्यांनी अधोरेखित करून ठेवली होती! मग लगेच अर्ज लिहायला बसले. साहेबाला इंग्रजीतच द्यायचा म्हणून हट्ट. आता ह्यांचं सगळं इंग्रजी आलेलं त्या खेळाच्या पुस्तकातून. तृप्तीनं अर्ज वाचून मला मराठीत सांगितला आणि हसून हसून पलंगावर पडली. 'मी, डी. एस. भोये, संपर्क तुटल्यामुळे चुकीने माघार घेतली. माझ्या शेजारची तुकडी नष्ट झालेली नसून जागेवरच आहे, असे आता समजले. तरी मला माझ्या मूळ षटकोनात परत येऊ द्यावे.' तृप्ती म्हणाली, पप्पा, मी नीट लिहून देते. हे ऐकायला तयार नाहीत. शेवटी 'षटकोना'च्या जागी तेवढं 'खात्यात' करू दिलं.

सोमवारी मीही गेले बरोबर. ह्या दोघांचा काय भरवसा, गेटपर्यंत जायचे आणि नियमावर वाद घालत परत यायचे. टाइम ऑफिसची खिडकी रस्त्याच्या बाजूलाच होती. दुपारी दोनपासून आम्ही उभे. आतला कारकून म्हणाला, साहेब मीटिंगला आहेत, त्यांच्याशिवाय मला फॉर्म काढता येत नाही. तीन वाजले, चार वाजले. भाऊजी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. हे खिडकीसमोर ताठ उभे. मी देवाचं नाव घेत होते आणि मधून मधून साहेबाला शिव्या देत होते, मनातल्या मनात.

साहेब आले ते पावणेपाचला. अर्ज वाचला, पुन्हा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "भोये, नीट विचार करा. सगळे गेलेत. एकटे पडाल."

भाऊजी खिडकीपाशी आले. मी तेव्हापर्यंत त्यांना साहेब लोकांसमोर तोंड उघडताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाला होता आहेर गेले. आहेर हे काय उभे हायेत."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपले रॉकेलच्या रांगेत असल्यासारखे उभे. साहेब कारकुनाकडे वळून पुटपुटले, "परत घेण्याचं कारण काय लिहायचं?"

तर भाऊजीच म्हणाले, "लिहा. मी चाललो होतो ते हे गेले म्हणून. हे हायेत. मंग मी कुठं जाऊ?"

आतला कारकून खाली बघून उगाच कागद सारखे करायला लागला. साहेबांनी घड्याळ बघितलं, पाचला सात मिनिटं कमी होती. गठ्ठ्यातून भाऊजींचा फॉर्म काढला, त्यावर तिरपी रेघ मारली, शिक्का मारला आणि खिडकीतून बाहेर सरकवला. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि चांगुणेला सांगायचं म्हणून जवळजवळ पळतच रिक्षाकडे गेले. आम्हाला येतो म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

आम्ही दोघंच उरलो. हे अजून खिडकीकडेच बघत होते. पाच वाजले, कारकुनानं आतून खिडकी ओढून घेतली. तेव्हा ह्यांनी खिशात हात घातला आणि आपला फॉर्म बाहेर काढला. तोच, सही केलेला. मी बघतच राहिले. म्हटलं, "हा कशाला आणलात? हा तर घरी फाडायचा होता."

हे साधेपणानं म्हणाले, "त्याचा परत मिळाला नसता तर माझाही देऊन टाकणार होतो."

म्हणजे तीन तास मी शेजारी उभी राहून देवाला हात जोडत होते आणि हा माणूस तृप्तीचं शिक्षण, आठ वर्षांचा पगार, सगळा संसार खिशात घेऊन पाच वाजायची वाट बघत होता. मला राग आला. असा राग आला की ओरडायलाही आवाज फुटेना. भाऊजींना एवढा जीव लावणारा माणूस, त्याचं मला कौतुक वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण ते नंतर. तेव्हा माझे डोळे भरून आले ते रागानंच. मी म्हटलं, "आणि मला कधी विचारणार होता?"

हे फॉर्मची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तुला विचारायचं राहिलंच."

"आज नाही हो," मी म्हटलं. "एकवीस वर्षं राहिलंय."

मी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला, आठ तुकडे केले आणि पिशवीत टाकले. रस्त्यावर दुसऱ्या पाळीची माणसं सायकली घेऊन चालली होती, एक-दोघांनी वळून बघितलं. बघू देत. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आता विचारा."

"काय विचारू?"

"काहीही. पण विचारा."

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गेटसमोर वडाच्या झाडाखाली टपरी होती, तिथं दूध उकळत होतं. एवढा मोठा माणूस, पण कपाळावर घाम आला हो! शेवटी म्हणाले, "चहा घेशील?"

मी म्हटलं, "घेईन."